तलावावर जा, पण दोर घेऊन!

पेपर संपले, पारा चाळिशीपार गेला, की ग्रुपवर मेसेज पडतोच. "उद्या सकाळी सहाला निघायचं, कोणाकोणाच्या गाड्या आहेत?" मग हातलाईचा तलाव, नळदुर्गजवळचं बोरी धरण, नाहीतर बालाघाटच्या डोंगरातला एखादा बिननावाचा पाझर तलाव. घरचे म्हणणार, "पाण्याकडं जाऊ नका." आपण "हो" म्हणणार आणि जाणार!

मला विचाराल तर जावंच. चाळीस अंशांत घरी बसून रील्स बघण्यापेक्षा ते कधीही बरं. प्रश्न एवढाच, की तुमच्यापैकी पोहता किती जणांना येतं? खरं सांगा.

आपल्या आजोबांना यायचं. कमरेला पांगाऱ्याचा बिंडा किंवा वाळका भोपळा बांधून कुणीतरी काका त्यांना विहिरीत ढकलायचा आणि स्वतः काठावर थांबायचा. आता उन्हाळ्यात विहिरी कोरड्या, पाणी बोअरचं. बोअरमध्ये कोण पोहणार? शिकायची जागा गेली, पाण्याची ओढ तशीच राहिली. पोरींचं तर विचारूच नका. त्या काठावर बसून सगळ्यांचे मोबाईल आणि कपडे सांभाळतात.

त्यात तलाव विहिरीसारखा सरळ नसतो. आपल्याकडचे कित्येक पाझर तलाव ७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर लोकांनी खोदले. तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ. हा गाळ शेतात टाकायला पोकलेन लावतात, चांगलंच काम आहे ते. पण मशीन खोदतं तिथं खड्डा राहतो आणि पाणी भरल्यावर वरून काहीच कळत नाही. गुडघाभर पाण्यात चालता चालता पुढच्या पावलाला डोक्यावरून पाणी. शिवाय मोटारींच्या वायरी असतात, त्या वेगळ्याच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली.

मित्र बुडताना दिसला, की पोहता न येणाराही उडी मारतो. दोस्तीच तशी असते. पण बुडणारा जिवाच्या आकांतानं गळ्याला मिठी मारतो आणि दोघंही जातात. म्हणून डिकीत दोर ठेवा. पाच लिटरचा रिकामा कॅन, झाकण घट्ट लावून, दोराला बांधा आणि काठावरूनच फेका. दोर नसेल तर ओढणी, फांदी, काहीही. एकानं १०८ लावायचा. रेंज कुठं येते, ते पोचल्या पोचल्या बघून ठेवा.

हे कॉलेजात का शिकवत नाहीत? नव्या शैक्षणिक धोरणात योगाला, खेळाला, एनएसएसला क्रेडिट मिळतं. मग पोहण्याला का नको? एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात आपण बंधारे बांधतो, गाव झाडतो. त्यातली एक दुपार दोर फेकायला आणि सीपीआर शिकायला दिली तर कुणाचं काय बिघडेल? जूनमध्ये ॲडमिशनला जाल तेव्हा प्राचार्यांना अर्ज द्या. पोरींनो, सह्या तुमच्या आधी.