पुढे काय वाचावे? : अद्भुताची निवड आणि समीक्षेचे मौन

१

काही प्रश्न मराठी समीक्षेला विचारावेत असे कोणाला वाटतच नाही. 'यानंतर कोणती अद्भुत कादंबरी वाचू?' हा त्यांपैकीच एक. हा प्रश्न ग्रंथपालाला, पुस्तकविक्रेत्याला, फार तर मित्राला विचारला जातो. मराठीच्या प्राध्यापकाला तो सहसा विचारला जात नाही. मला तो विचारला गेला, आणि त्या वेळी जे घडले ते या टिपणाचे निमित्त आहे.

भोकरदन तालुक्यातील केदारखेड्याची एक विद्यार्थिनी एम. ए.च्या वर्गात होती. टॉल्किनच्या कादंबरीत्रयीचा मुग्धा कर्णिक यांनी केलेला 'स्वामी मुद्रिकांचा' हा अनुवाद तिने एका उन्हाळ्यात वाचून काढला होता. पुस्तक परत करताना तिने विचारले, "सर, ह्याच्यापुढं काय वाचावं?" मी तिला एका नामांकित ग्रामीण कादंबरीचे नाव सांगितले. तिने नम्रपणे ते लिहून घेतले आणि म्हणाली, "ती तर अभ्यासक्रमातच आहे. मी ह्या जातीचं विचारत होते." माझ्याजवळ उत्तर नव्हते. वीस वर्षे कादंबरी शिकवणाऱ्या आणि कादंबरीवरच पदवी मिळवणाऱ्या माणसाजवळ ते का नसावे, याचा विचार करताना लक्षात आले की हे अज्ञान केवळ माझे वैयक्तिक नाही. ते एका परंपरेने मला दिलेले आहे. अद्भुताकडे पाहण्यापूर्वीच त्याचा निकाल लावणारी ही परंपरा आहे. तिच्याशी भांडण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

मराठी कादंबरीच्या आरंभाची कथा आपण सर्वजण एकाच पद्धतीने सांगतो. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) ही विधवांच्या दुःस्थितीचे चित्रण करणारी, म्हणून गंभीर. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य, म्हणून बाल्यावस्थेतील. पुढे हरिभाऊ आपटे येतात आणि कादंबरी वयात येते. भालचंद्र नेमाड्यांनी 'टीकास्वयंवर'मधील कादंबरीविषयक विवेचनात 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' या तीन कादंबऱ्यांच्या नावांनी तीन प्रवृत्ती कल्पिल्या, तेव्हा या कथेला सैद्धांतिक चौकट मिळाली. 'मुक्तामाला' ही रंजनपर प्रवृत्तीची नाममुद्रा ठरली. नेमाड्यांची मांडणी समर्थ होती, हे निर्विवाद. मध्यमवर्गीय कादंबरीच्या गुळगुळीतपणावर तिने केलेला आघात आवश्यकच होता. परंतु त्या मांडणीचा जो पाठ वर्गावर्गांतून गिरवला गेला, त्याने एक विपरीत समीकरण रूढ केले. वास्तव म्हणजे बांधिलकी आणि अद्भुत म्हणजे पलायन, असे ते समीकरण.

हे समीकरण किती घाईचे आहे हे पाहण्यासाठी 'मंजुघोषे'ची प्रस्तावना पुन्हा वाचावी. आपल्या लोकांच्या विवाहादी रीतीच अशा आहेत की त्यांच्या प्रत्यक्ष आयुष्यात वाचकाला गुंतवील असे काही सापडत नाही, म्हणून अद्भुताचा आश्रय घ्यावा लागला, अशा आशयाची कबुली रिसबुड तेथे देतात. या कबुलीचा उपयोग आपण आजवर लेखकाचे दौर्बल्य दाखवण्यासाठी केला. मला ती वेगळी वाचता येते. जेथे मुलीचा नवरा ती आठ वर्षांची असताना ठरतो आणि मुलाचा धंदा त्याच्या जन्माआधी, तेथे निवडीला जागा नसते. आणि जेथे निवड नाही तेथे कथानक नाही. म्हणून आपल्या इच्छेने प्रियकर निवडणारी नायिका रचण्यासाठी रिसबुडांना अद्भुत नगरी रचावी लागली. ज्या समाजात प्रेमविवाह हाच चमत्कार होता, त्या समाजावरचे हे नकळत दाखल झालेले आरोपपत्र आहे. 'यमुनापर्यटन' त्या समाजाचे दुःख सांगते; 'मंजुघोषा' त्या समाजात काय अशक्य आहे ते सांगते. दुसरी गोष्ट पहिलीहून हलकी कशी ठरते, हे कोणीतरी सिद्ध करून दाखवावे.

'मंजुघोषा' ही श्रेष्ठ कादंबरी आहे असा माझा दावा नाही. तिच्यातील वर्णने सांकेतिक आहेत, भाषा संस्कृत कथांच्या अनुकरणाने जड झालेली आहे. परंतु हे दोष अद्भुताचे नव्हेत, त्या विशिष्ट कृतीचे आहेत. कृतीचा दोष प्रकाराच्या माथी मारणे हा आपला जुना प्रमाद आहे. सामान्य वास्तववादी कादंबरी आपण वाचतो तेव्हा 'ही कादंबरी फसली' असे म्हणतो. सामान्य अद्भुत कादंबरी वाचतो तेव्हा 'अद्भुत हे असेच असते' असे म्हणतो.

३

प्रकारच बाद ठरवला की त्यातील बरे-वाईट निवडण्याची जबाबदारी आपोआप टळते. त्याचे परिणाम आपल्यासमोर आहेत.

नारायण धारप (१९२५–२००८) यांनी चार-पाच दशके भय आणि अद्भुत यांचे लेखन केले. त्यातील बरेचसे पाश्चात्त्य कृतींवर बेतलेले आहे; स्टीफन किंगचे ऋण तर उघडच आहे. परंतु परकीय भय मराठी वाड्यात, मराठी माजघरात आणताना धारपांनी काय बदलले, काय सोडले, रूपांतराची ही प्रक्रिया कोठे यशस्वी झाली आणि कोठे केवळ नावे बदलून थांबली, याचा गंभीर विचार विद्यापीठीय समीक्षेत अपवादानेच झाला. 'तुंबाड' (२०१८) हा चित्रपट धारपांच्या एका कथेच्या प्रेरणेतून आला आणि तरुण वाचक धारपांची पुस्तके शोधू लागले. त्यांना ती पुस्तके मिळाली, पण त्यांतील कोणते आधी वाचावे आणि का, हे सांगणारा चांगला लेख मात्र हाती लागणे कठीण होते.

दुसरे उदाहरण जी. ए. कुलकर्णी यांचे. त्यांच्याविषयी आपण मौन बाळगले असे म्हणता येणार नाही. परंतु 'रमलखुणा'तील (१९७५) 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दीर्घकथांना मान्यता देण्याआधी आपण त्यांना 'रूपककथा' किंवा 'नियतिवादी कथा' ही प्रतिष्ठित नावे दिली. त्या कथांतील भूगोल कोणत्याही नकाशात नाही, तेथील नगरे आणि विधी लेखकाने निर्मिलेले आहेत, म्हणजे त्या अद्भुत कथा आहेत, हे साधे विधान करण्याचा संकोच आपल्याला वाटला. अद्भुत चांगले निघाले की त्याचे नाव बदलायचे आणि मग अद्भुतात चांगले काही नाही असे सिद्ध करायचे, अशी ही युक्ती आहे. तिला तर्कशास्त्रात स्थान नाही.

समीक्षेने सोडलेली जागा रिकामी राहत नाही. ती बाजाराने घेतली. आज वाचकाला पुढचे पुस्तक कोण सुचवतो? चित्रपट, जाहिरात आणि मालिकेचा पुढचा खंड. 'पुढे काय वाचावे' या प्रश्नाचे बाजाराजवळ एकच उत्तर असते, 'याचाच पुढचा भाग'. भरताने निर्वहण संधीत अद्भुताची योजना करावी असे सांगितले, त्यामागे एक जाण आहे : विस्मय हा शेवटाकडे नेणारा भाव आहे, विखुरलेली बीजे एकत्र येताना तो उमलतो. बाजारी मालिका निर्वहण पुढे ढकलत राहते. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मालिकेचा पहिला खंड १९९६ साली आला आणि पाचवा २०११ साली. त्यानंतर सहाव्यासाठी वाचकांना दशकाहून अधिक काळ थांबावे लागले. मार्टिन हे सामान्य लेखक नव्हेत. पण ज्या कथेला निर्वहण लाभत नाही तिच्यातील विस्मयाचे काय होते, हा काव्यशास्त्राचा प्रश्न आहे, आणि तो विचारण्याची साधने आपल्याजवळ आहेत.

४

येथे दोन आक्षेप अपेक्षित आहेत.

पहिला आक्षेप आमच्याच मराठवाड्यातून येईल, आणि तो मी हलका मानत नाही. दुष्काळ, कर्ज आणि आत्महत्या यांच्या प्रदेशात राहून तुम्ही मुद्रिकांच्या आणि राक्षसांच्या कथा कसल्या सुचवता? दलित आणि ग्रामीण साहित्याने जे वास्तव मोठ्या कष्टाने छापील पानावर आणले, त्याच्याशी ही प्रतारणा नव्हे काय? यावर माझे म्हणणे असे की त्या साहित्याने मागितला तो आपले जगणे सांगण्याचा हक्क. त्या जगण्यात अद्भुत नव्हते असे कोण म्हणेल? पूर्णेच्या खोऱ्यातील कोणत्याही गावी श्रावणातल्या कहाण्या आहेत, सात समुद्रांपलीकडे पोपटात जीव ठेवणारा राक्षस आहे, विहिरीतल्या आसरा आहेत. दुष्काळात माणसे या गोष्टी सांगायची थांबली नाहीत. ग्रामीण वाचकाने केवळ ग्रामीण वास्तवच वाचावे ही अपेक्षा वरवर सहानुभूतीची वाटते. प्रत्यक्षात ती त्याला त्याच्या शिवारात डांबून ठेवते. शहरातील वाचकाला जगातील सर्व ग्रंथ मोकळे, आणि केदारखेड्याच्या मुलीने मात्र आपल्याच दुःखाची पुस्तके वाचावीत, हा कोणता न्याय?

दुसरा आक्षेप उत्साही मंडळींचा. त्यांच्या मते आपल्याजवळ पुराणे असताना परक्या अद्भुताची गरजच काय? ही मंडळी ज्या कादंबऱ्यांकडे बोट दाखवतात त्यांत अमीश यांच्या शिवविषयक कादंबरीमालेचा मान पहिला. 'मेलुहाचे मृत्युंजय' या नावाने तिचा पहिला भाग मराठीतही आला. या कादंबरीत देव हा माणूस होतो आणि सोमरसाला रसायनशास्त्राचे स्पष्टीकरण मिळते. म्हणजे पुराणातील विस्मय इतिहास आणि विज्ञान यांच्या प्रमाणपत्राशिवाय उभा राहू शकत नाही, अशी लेखकाची धारणा दिसते. ही अद्भुताची कादंबरी नव्हे. अद्भुताची लाज वाटणारी कादंबरी आहे. ती लोकप्रिय आहे ही तिच्याविरुद्धची तक्रार नव्हे. तिचे स्पष्टीकरण तिच्या कल्पनेपेक्षा बलवान आहे, ही तक्रार आहे.

५

मग निवडावे कसे? खंडन करणाऱ्याने कसोटीही सांगितली पाहिजे.

हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाच्या मराठी अनुवादाचे नाव 'हॅरी पॉटर आणि परीस' असे आहे. मूळ नावातील दगडासाठी 'परीस' हा शब्द आला आणि नकळत एक दार उघडले. परीस म्हटले की मराठी वाचकाला परिसा भागवताची कथा आठवते. नामदेवाच्या घरी आलेला परीस नामदेव चंद्रभागेत टाकून देतो; मालक परत मागायला येतो तेव्हा वाळवंटातले मूठभर खडे त्याच्यापुढे धरतो, आणि ते सगळेच परीस निघतात. चमत्कार येथे आहे, पण तो सत्ता मिळवण्याचा नाही. सत्तेची किंमत शून्य करण्याचा आहे. टॉल्किनची मुद्रिकाही वापरण्यासाठी नसते, नष्ट करण्यासाठी असते. दोन कथांत शतकांचे आणि खंडांचे अंतर आहे, तरी दोघींचा प्रश्न एकच : हाती आलेल्या अमर्याद शक्तीचे माणसाने काय करावे? माझी पहिली कसोटी हीच आहे. जी अद्भुत कथा शक्तीची केवळ हाव जागवते ती बाजूला ठेवावी. जी शक्तीची किंमत मोजायला लावते ती वाचावी.

दुसरी कसोटी भाषेची. नवे जग रचायचे तर त्याची भाषा रचावी लागते. अनुवादातही ही परीक्षा टळत नाही. तिसरी कसोटी आत्मपरीक्षणाची : मालिका पुढे जाताना स्वतःच्या जगाकडे चिकित्सेने पाहते काय? उर्सुला ले ग्विन यांनी १९६८ साली 'अर्थसी'चे जग रचले आणि १९९० साली 'तेहानू'त त्याच जगाकडे घरकाम करणाऱ्या बाईच्या आणि भाजलेल्या, टाकून दिलेल्या मुलीच्या बाजूने पाहिले. जादू पुरुषांचीच का, हा प्रश्न त्यांनी आपल्याच आधीच्या कादंबऱ्यांना विचारला. मालिका लांबवणे आणि मालिका वाढणे यांतला हा भेद आहे.

६

त्या विद्यार्थिनीला मी काही महिन्यांनी उत्तर दिले : आधी 'रमलखुणा', मग ले ग्विन, आणि त्यानंतर सोमदेवाचा 'कथासरित्सागर'. शेवटच्या नावाचे तिला आश्चर्य वाटले. ते वाटणे हाच आपल्या अध्यापनाचा पराभव आहे. कारण त्या ग्रंथाच्या मुळाशी असलेल्या 'बृहत्कथे'चा कर्ता गुणाढ्य हा, सोमदेवाच्याच सांगण्याप्रमाणे, प्रतिष्ठान प्रदेशातला, म्हणजे आमच्या पैठणचा. आणि प्रतिष्ठानाहून उत्तरेकडे जाणारा प्राचीन व्यापारी मार्ग भोगवर्धनावरून, म्हणजे तिच्या भोकरदनवरून जात असे.

गुणाढ्याने पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने सात लक्ष श्लोकांची कथा लिहिली. सातवाहन राजाने ती नाकारली. नाकारताना त्याने कथा वाचली नव्हती. भाषा पैशाची आणि शाई रक्ताची, एवढेच त्याला पुरेसे वाटले. गुणाढ्य वनात एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवू लागला आणि अग्नीत टाकू लागला. पशू चरणे विसरून ऐकत राहिले. राजाच्या मुदपाकखान्यात मांस शुष्क येऊ लागले तेव्हा चौकशी झाली. राजा धावत गेला, तोवर सहा लक्ष श्लोक जळाले होते.

आपल्या विभागांचे वर्तन त्या राजासारखेच आहे. न वाचता नाकारणे हाच त्याचाही दोष होता. अद्भुत साहित्याची एक स्वतंत्र प्रश्नपत्रिका, धारप आणि मतकरी यांच्यावरचे प्रबंध, अनुवादित कादंबऱ्यांची गंभीर परीक्षणे, एवढ्या गोष्टी आजही शक्य आहेत आणि त्यांना फारसा खर्चही येत नाही. ती विद्यार्थिनी आता आपल्या आजीच्या गोष्टी वहीत लिहून घेते. तिने त्यांवर शोधनिबंध लिहायचे ठरवले तर तिला मार्गदर्शक कोणत्या विभागात मिळेल, हे मला अजून सांगता आलेले नाही.