दुर्बोध कोण : जॉइस कीं मुकुंदराज?

सुशिक्षितांच्या बैठकींत एक तक्रार वारंवार ऐकूं येते : मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' आतां कळत नाहीं, तो आजच्या मराठींत उतरवावा आणि मूळ ग्रंथ कपाटांत ठेवावा! हेच रसिक जेम्स जॉइसच्या 'फिनेगन्स वेक' (१९३९) पुढें मात्र नम्र होतात. त्या आयरिश कादंबरीकारानें अनेक भाषांचे शब्द मोडून नवे घडविले. मॅक्ह्यू यांचें १९८० चें टिपांचें पुस्तक शेजारीं ठेवून आम्ही एकेक ओळ सोडवितों. तेथें दुर्बोधता हें वैभव; आमच्या बीड जिल्ह्यांत, अंबाजोगाईस, ज्याची समाधि आहे त्या कवीच्या ठायीं मात्र तो दोष!

अर्थावांचून नुसतें पारायण व्यर्थ, हें आक्षेपकांचें म्हणणें मला मान्य आहे. परंतु रूपांतर हा त्यावर उपाय नव्हे. जॉइसचा शब्द अनोळखी, म्हणून वाचक सावध राहतो. जुन्या मराठीचा शब्द ओळखीचा वाटतो, म्हणूनच फसवितो. 'उदास' म्हणजे आज खिन्न. संतांच्या भाषेंत बहुधा विरक्त. आज आपण पाणी 'सांडतों'. पूर्वीं 'सांडणें' म्हणजे त्यागणें. रूपांतरकारच चकला, तर वैराग्याची खिन्नता होईल, आणि ताडून पाहण्यास मूळ शब्द समोर उरणार नाहीं.

साधनांचीही सबब नको. तुळपुळे व फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ सालींच निघाला आहे. मूळ ओवी आणि तिच्याखालीं शब्दार्थ, एवढी आवृत्ति पुरे. डब्लिनसाठीं कोश उघडणाऱ्या हातांना अंबाजोगाई जड कां व्हावी?