गाडी आठ महिने, टेम्पो आठ मिनिटांत

इंजिनीअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये रात्री दोन वाजता एक प्रश्न हमखास येतो, "अरे, टेम्पोचं काय झालं?" आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. स्पर्धा चार दिवसांवर. गाडी अजून पेंट व्हायचीय. मग कुणाचा तरी मामा, कुणाचा तरी ओळखीचा ट्रान्सपोर्टवाला, दोन फोन, थोडी घासाघीस आणि ठरलं! आठ महिने खपून बनवलेल्या एटीव्हीचा प्रवास आठ मिनिटांत ठरतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. बाहा एसएई इंडिया ही कॉलेजच्या मुलांनी स्वतः बनवलेल्या एका सीटच्या ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा. 2007 मध्ये ती आपल्याकडे सुरू झाली ती इंदूरजवळच्या पीथमपूरला. पुणे, मुंबई, सांगली, नागपूर, सगळीकडून टीम्स तिकडे जातात. तिथे आधी टेक्निकल तपासणी, मग ब्रेक टेस्ट, मग चढ, वळणं, उड्या आणि शेवटी चार तासांची एंड्युरन्स रेस. पुण्याहून पीथमपूर जवळपास सहाशे किलोमीटर. गाडीचं रजिस्ट्रेशन नसतं, त्यामुळे ती रस्त्यावरून चालवत नेण्याचा प्रश्नच नाही. न्यायची तर कशावर तरी लादून.

आणि माझं म्हणणं एवढंच आहे की, ते 'कशावर तरी' हा गाडीच्या डिझाइनचाच भाग आहे. तो शेवटच्या रात्री उरकायचा विषय नाही.

हे शहाणपण आम्हाला फुकट मिळालेलं नाही. आमच्या वेळी आम्ही स्वस्तातला म्हणून छोटा हत्ती ठरवला होता. तो कॉलेजच्या गेटवर आला तेव्हा कळलं की गाडी त्यात बसतच नाही. बाहाच्या नियमात गाडीची रुंदी जास्तीत जास्त 64 इंच, म्हणजे पाच फूट चार इंच. बहुतेक टीम्स या मर्यादेच्या जवळपासच असतात, कारण रुंद गाडी वळणावर स्थिर राहते. आणि छोट्या हत्तीचा हौदा आतून पाच फूटही रुंद नाही. एक साधी टेप लावली असती तर आठवडाभर आधी समजलं असतं. सस्पेन्शनचं गणित मिलिमीटरमध्ये करणारी आम्ही मंडळी, हौदा मोजायला विसरलो!

मग धावपळ करून मोठी पिकअप आणली. तिच्या हौद्याची उंची जमिनीपासून साधारण तीन फूट. आमच्याकडे फळ्या सहा फुटी. म्हणजे चढ तीस अंशांचा. एवढ्या चढावर दोनशे किलोची गाडी आठ जणांनी ढकलत, उचलत कशीबशी वर घातली. एकाची कंबर धरली ती परत येईपर्यंत. फळ्या नऊ फुटी असत्या तर हाच चढ वीस अंशांच्या आत आला असता. हे अकरावीचं त्रिकोणमिती आहे, यासाठी डिग्री लागत नाही.

खरी चूक बांधण्यात झाली. कुणीतरी पुढची दोरी सस्पेन्शनच्या आर्मला गुंडाळली. तिथूनच ब्रेकची नळी जाते. गाडी प्रत्येक स्पीडब्रेकरला उसळत होती आणि दोरी नळीवर घासत होती. मालेगावच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा ड्रायव्हर काका म्हणाले, "पोरांनो, तुमची गाडी मागं लई नाचतीय. परत आवळा तिला." आम्ही आवळली, पण त्याच जागी.

आणि गाडी नाचतेय म्हणून आम्ही काय केलं? दोन ज्युनिअर्सना हौद्यात बसवलं, गाडी धरून ठेवायला. रात्रीचा बिजासन घाट, उतार, वळणं, मागे-पुढे ट्रक आणि आमची दोन पोरं दोनशे किलोच्या लोखंडाला हातांनी धरून बसलेली. त्यांना काही झालं नाही, हे आमचं नशीब. आमची अक्कल नव्हे.

पीथमपूरला ब्रेक टेस्टमध्ये चारही चाकं एकदम लॉक व्हावी लागतात. आमचं पेडल थेट खाली गेलं. गळती शोधून नळी बदलून तपासणी पार होईपर्यंत दोन इव्हेंट हातचे गेले. आठ महिन्यांची मेहनत एका दोरीने खाल्ली.

हे ऐकून लगेच कुणीतरी म्हणतं, "म्हणूनच आपला स्वतःचा ट्रेलर पाहिजे!" अमेरिकेतले व्हिडिओ आपण सगळेच बघतो. मोठी पिकअप, मागे मस्त ट्रेलर, त्यावर दोन एटीव्ही. भारीच दिसतं. ट्रेलरचा फायदाही खरा आहे. त्याचा पाटा जमिनीपासून दीडेक फुटावर असतो, म्हणजे सहा फुटी फळ्यांवरही चढ पंधरा अंशांच्या आत. दोन माणसं गाडी चढवू शकतात.

पण पुढचं गणित करा. गाडी दोनशे किलो, ट्रेलर स्वतः तीनशेच्या घरात, वर टूल्स आणि स्पेअर्सचे शंभर. झाले सहाशे किलो. कुणाच्या तरी बाबांच्या कारला एवढं ओढायची परवानगी कंपनीने दिलीय का? मॅन्युअलमध्ये तो आकडा नसेल, तर विषय तिथेच संपवा. शिवाय कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन धरलं जातं. त्याची नोंदणी लागते, मागचे दिवे लागतात. "आम्ही रोल केज वेल्ड करतो, ट्रेलर काय चीज आहे?" असं म्हणून अँगल जोडून ट्रेलर बनवणारे असतात. वेल्डिंग येणं वेगळं आणि हायवेवर ऐंशीच्या स्पीडने मागे सहाशे किलो घेऊन घाट उतरणं वेगळं.

वजन कुठे ठेवायचं हेही आहेच. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढे हुकवर यायला हवा. म्हणजे आपल्या सहाशे किलोंत साठ ते नव्वद. तो कमी पडला तर ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलायला लागतो आणि पुढच्या गाडीलाही ओढत नेतो. हे शास्त्र परदेशातून आलेलं नाही बरं का. मागे जास्त वजन पडून जू वर उचललं गेलं की गावाकडे म्हणतात, गाडी उलाळ झाली. बैलगाडी भरणाऱ्या माणसाला हे कळतं. आपल्याला व्हिडिओ बघून का कळू नये?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. वर्षातून एकदा लांब जायचं असेल तर ट्रेलरच्या नादाला लागू नका. हौदा नीट मोजून पिकअप घ्या. त्याहून चांगलं म्हणजे, तुमच्या शहरातून दोन टीम्स जात असतील तर मिळून एक सतरा फुटी ट्रक करा. ट्रॅकवर काय भांडायचं ते भांडा, भाडं मात्र वाटून घ्या. ट्रेलर तेव्हाच घ्यावा जेव्हा कॉलेजच्या तीन-चार टीम्स मिळून तो वर्षभर वापरणार असतील, ओढणारी गाडी त्या ताकदीची असेल आणि कागद कॉलेजच्या नावाने असतील.

काहीही निवडा, बांधणी मात्र दोरीने नको. रॅचेटचे चार पट्टे घ्या, दोन पुढे ओढणारे, दोन मागे. हुक मुख्य फ्रेमला लावा. आर्म, टायरॉड, स्टीअरिंगला कधीच नाही. सस्पेन्शन थोडं दाबलं जाईल इतकंच आवळा, पूर्ण बसेल इतकं नाही. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. टाकीतलं पेट्रोल काढा. इलेक्ट्रिक गाडी असेल तर बॅटरी जोडलेली ठेवू नका. निघाल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा बघा, कारण पहिल्या झटक्यांतच ते सैल होतात. आणि हौद्यात माणूस नाही. धरून ठेवायला माणूस लागतोय, याचा अर्थ बांधणी चुकलीय.

कुणी म्हणेल, पैसे कुठून आणायचे? प्रश्न रास्त आहे. स्पॉन्सर शोधताना आमचेही बूट झिजले आहेत. पण स्पॉन्सरला दाखवायच्या बजेटमध्ये टायरपासून टी-शर्टपर्यंत सगळं असतं आणि वाहतुकीच्या ओळीत 'इतर' लिहिलेलं असतं. ती ओळ पहिल्या दिवशी वेगळी काढा. आणि कॉलेजनेही हात झटकू नयेत. जिंकल्यावर ट्रॉफी प्रिन्सिपल सरांच्या केबिनमध्ये जाते ना, मग मुलं तिथे कशी पोचली हे विचारायची जबाबदारीही त्याच केबिनची आहे.

परवा कॉलेजला गेलो होतो. यंदाच्या टीमने अजून चेसिसचं ड्रॉइंगही पूर्ण केलेलं नाही. पण गेटबाहेर उभ्या असलेल्या एका पिकअपचा हौदा दोघी जणी टेप लावून मोजत होत्या. ड्रायव्हर काका खाली उतरले, त्यांना वाटलं काहीतरी गडबड आहे. मुलींनी सगळं समजावून सांगितलं. काकांनी हौद्याचं फाळकं पाडलं आणि म्हणाले, "आता मोजा. फाळकं लावून मोजलं तर तीन इंच चुकाल."