कथा वगळता येते, साक्ष नाही!

२०२१ च्या ऑगस्ट महिन्यात दिल्ली विद्यापीठाने इंग्रजी ऑनर्सच्या अभ्यासक्रमातून महाश्वेतादेवींची ‘द्रौपदी’ ही कथा काढून टाकली. तिच्यासोबत बामा आणि सुकीर्थराणी या तमिळ दलित लेखिकांचे साहित्यही गेले. विद्वत्सभेतील काही सदस्यांनी लेखी विरोध नोंदवला, पण तो जुमानला गेला नाही. जी कथा १९९९ पासून वर्गात शिकवली जात होती, ती एकाएकी कोणाला बोचू लागली? अत्याचारानंतर वस्त्र नाकारून लष्करी अधिकाऱ्यासमोर ताठ उभी राहणारी संथाळ दोपदी मेझेन कोणाला नको होती, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

बंगालीतली ही कथा दिल्लीच्या वर्गात पोहोचली ती इंग्रजीमुळे. १९८१ साली गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी तिचा अनुवाद केला. पुढे कोलकात्याच्या सीगल प्रकाशनाने महाश्वेतादेवींच्या निवडक साहित्याची इंग्रजी मालिकाच काढली. इंग्रजीचे मोल आंबेडकरी वाचकाला कोणी शिकवायला नको. बाबासाहेबांनी आपले महत्त्वाचे ग्रंथ इंग्रजीत लिहिले आणि १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने त्यांचे खंड काढले, म्हणूनच ते विचार आज जगाच्या पाठीवर वाचले जातात. तेव्हा इंग्रजी अनुवादाला नाके मुरडण्याचे कारण नाही.

प्रश्न वाचण्याच्या पद्धतीचा आहे. चर्चासत्रांत या कथांची शैली चघळली जाते. पण त्यांचा उगम ज्या लढ्यात आहे, तो मात्र बाजूला पडतो. ‘डस्ट ऑन द रोड’ हा त्यांच्या चळवळीतील लेखनाचा इंग्रजी संग्रह १९९७ सालीच आला. वेठबिगारी, जमीन, पोलिसी जुलूम यांविषयीचे लेखन त्यात आहे. कथांशेजारी तो ठेवून वाचला, की कल्पित कुठे संपते आणि साक्ष कुठे सुरू होते, हेच कळेनासे होते.

फेब्रुवारी १९९८ मध्ये पुरुलियातील बुधन शबर हा खेडिया शबर तरुण कोठडीत मरण पावला. त्याने गळफास घेतला, असे पोलीस म्हणाले. शबरांना १८७१ च्या कायद्याने ‘जन्मजात गुन्हेगार’ ठरवले होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पोलिसांच्या डोक्यातून गेला नाही. शबरांनी बुधनचा मृतदेह गुपचूप पुरून ठेवला आणि त्याच्या जागी पुतळा जाळला, म्हणून पुरावा वाचला. ज्यांना निरक्षर म्हणून हिणवले, त्यांनी पुराव्याचा कायदा असा जाणला! महाश्वेतादेवी ज्या शबर कल्याण समितीत काम करीत होत्या, ती समिती कलकत्ता उच्च न्यायालयात गेली. न्या. रूमा पाल यांनी बुधनच्या विधवेला भरपाई देण्याचा आणि संबंधित पोलिसांवर कारवाईचा आदेश दिला. त्याच वर्षी महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि आपले ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी संघटना उभारली.

तरीही एक प्रश्न चळवळीने विचारलाच पाहिजे. महाश्वेतादेवी उच्चवर्णीय कुटुंबात जन्मल्या. शोषितांची कथा दुसऱ्यानेच किती काळ सांगायची? याचे उत्तर त्यांनी स्वतःच्या कृतीने दिले. आपल्या ‘बर्तिका’ या नियतकालिकाची पाने त्यांनी कष्टकऱ्यांना दिली. निर्वासित नमःशूद्र कुटुंबातील रिक्षावाला मनोरंजन ब्यापारी याने रिक्षात बसलेल्या महाश्वेतादेवींना ‘जिजीविषा’ शब्दाचा अर्थ विचारला. त्यांनी अर्थ सांगितला आणि वर लिहायलाही सांगितले. त्याच ब्यापारींचे आत्मचरित्र २०१८ साली इंग्रजीत आले.

दुसऱ्याची व्यथा मांडणारा लेखक मोठा खरा; पण व्यथा भोगणाऱ्याच्या हाती लेखणी देऊन बाजूला सरकणारा त्याहून मोठा! महाश्वेतादेवींचे इंग्रजी खंड ब्यापारींच्या पुस्तकाशेजारी ठेवले तरच ते पुरे होतात.

म्हणून केवळ निषेधाची पत्रके काढून भागणार नाही. वगळलेली ‘द्रौपदी’ आपल्या अभ्यासवर्गांत सामूहिकरीत्या वाचा. तरुण वकिलांनी बुधन प्रकरणाचा निकाल मिळवून अभ्यासावा. बंगालच्या दलित लेखकांना इंग्रजीची वाट न पाहता थेट बंगालीतून मराठीत आणा. १९४६ साली बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवणारा बंगालच होता. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे ते ऋण आपल्यावर आहे. ते फेडायला किमान त्यांच्या लेकरांची पुस्तके तरी आपल्या घरात हवीत.