संशयाचे सहा आठवडे

आनंदाच्या वार्तेचें काय करावें हें आपल्या घरांना ठाऊक असतें; देवापुढें साखर ठेवावयाची आणि शेजारीं पेढे वाटावयाचे. दुःखाच्या वार्तेला कसें तोंड द्यावें हेंहि वडीलधाऱ्यांनीं घालून दिलेलें आहे. परंतु धड आनंदाचीहि नव्हे आणि धड दुःखाचीहि नव्हे अशी एक वार्ता हल्लीं पुष्कळ घरांत येऊं लागली आहे, आणि तिच्यासाठीं आपल्यापाशीं कोणतीच रीत नाहीं. कर्करोगावरील उपचार पुरे झाल्यावर आईचा किंवा वडिलांचा स्कॅन काढला जातो. रिपोर्टांत रोग आहे असेंहि नसतें आणि नाहीं असेंहि नसतें. 'निश्चित सांगतां येत नाहीं, सहा आठवड्यांनीं पुन्हां पाहावें', एवढेंच असतें. त्या सहा आठवड्यांविषयीं या महिन्यांत आम्ही चार शब्द लिहिणार आहों.

असा रिपोर्ट आला म्हणजे डॉक्टर कांहीं लपवीत आहेत, किंवा यंत्रांत दोष आहे, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुस्थिति निराळी आहे. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें, तेव्हां शस्त्रावांचून शरीराच्या आंत पाहण्याचें साधन क्ष-किरणांपलीकडे फारसें नव्हतें. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रानें पहिल्या रोग्याचें चित्र इंग्लंडांत घेतलें तें १९७१ सालीं. पूर्वीं दिसतच कमी होतें, म्हणून असले संशयहि कमी होते. आतां दोन-चार मिलिमीटरचा ठिपकाहि दिसतो. पण दिसलें म्हणजे ओळखलें असें होत नाहीं.

पेट स्कॅनाचें उदाहरण घ्या. ग्लुकोजसारख्या एका द्रव्याला किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडून तें शिरेवाटें देतात. ज्या पेशी साखर अधिक ओढतात त्या ठिकाणीं चित्रांत उजेड पडतो. कर्करोगाच्या बहुतेक पेशी साखर अधिक ओढतात हें खरें. परंतु सुजलेली जागा, किरणोपचारानंतर भरून येत असलेला भाग, आपल्या देशांत पुष्कळ आढळणाऱ्या क्षयाच्या गांठी, याहि साखर ओढतात. २०२१ सालीं कोविडची लस टोंचून घेतलेल्या अनेकांच्या काखेंतील गांठी अशाच उजळल्या होत्या. म्हणूनच मानेच्या व घशाच्या कर्करोगांत किरणोपचार संपल्यावर या स्कॅनासाठीं साधारण बारा आठवडे थांबतात. मोजमापाचीहि तीच गोष्ट. २००९ सालीं सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें मोजलेल्या गांठींच्या व्यासांची बेरीज निदान २० टक्क्यांनीं, आणि शिवाय निदान ५ मिलिमीटरनें, वाढल्याखेरीज त्या वाढल्या असें मानीत नाहींत. नवी गांठ दिसली तर गोष्ट वेगळी. आठाचे नऊ मिलिमीटर झाले एवढ्यानें कांहींच ठरत नाहीं. एवढा फरक मोजणाराचा हात बदलला तरी पडतो.

आमच्या संस्कृताच्या अध्ययनांत न्यायशास्त्राशीं थोडा परिचय झाला. न्यायसूत्रांच्या सोळा पदार्थांत प्रमाण व प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरें स्थान संशयास आहे. त्याचें उदाहरण विद्यार्थ्यांना पाठ असतें. तिन्हीसांजा दूर कांहीं उभें दिसतें. तो खांब कीं माणूस? उंची दोघांचीहि सारखी, म्हणून मन दोहोंकडे धांवतें. दोरीला साप समजून बसणें हा प्रकार शास्त्रकारांनीं वेगळा मानला, आणि त्याला विपर्यय म्हटलें. संशयांत असलेला मनुष्य जवळ जातो, हातपाय दिसतात का पाहतो, आणि मग निर्णय करतो. विपर्ययांत सांपडलेला पाहणेंच सोडून देतो. अनिश्चित रिपोर्ट हा शुद्ध संशय आहे, आणि थोड्या दिवसांनीं पुन्हां काढावयाचा स्कॅन किंवा सुईची तपासणी हें त्याच्या जवळ जाणें आहे. घरांतील माणसांनीं जपावयाचें तें इतकेंच, कीं मधल्या दिवसांत या संशयाचा विपर्यय होऊं नये. तो कसा होतो हें आम्हीं एका घरांत पाहिलें.

आमच्या परिचयाचें एक एकत्र कुटुंब आहे. तेथील वडील, ज्यांना घरांत सारे अण्णा म्हणतात, सत्तरी ओलांडलेले. घशाच्या कर्करोगावर किरणोपचार व केमोथेरपी दोन्ही पुरीं झालेलीं. बारा आठवड्यांनीं काढलेल्या स्कॅनांत मानेंतील एक गांठ किंचित उजळ दिसली. रिपोर्ट थोरल्या मुलाच्या मोबाइलवर आला. त्यानें तो धाकट्या भावाला दाखविला, अमेरिकेंतील बहिणीला पाठविला, आणि आई-अण्णांना कांहीं कळूं द्यावयाचें नाहीं असा तिघांचा ठराव झाला. "रिपोर्ट चांगला आहे, अण्णा," असें थोरल्यानें सांगितलें. हेतु प्रेमाचाच होता. पण त्या दिवसापासून अण्णा माजघरांत आले कीं चालू बोलणें थांबूं लागलें. रविवारीं येणारा अमेरिकेचा फोन रोज रात्रीं येऊं लागला. सूनबाईंनीं दोनदां शिरा केला.

पांचव्या दिवशीं अण्णांनीं सूनबाईंना हांक मारली. "रिपोर्ट चांगला असता तर तुम्ही सगळे माझ्याशीं नेहमींसारखे भांडलां असतां. चार दिवस कोणी भांडलेलें नाहीं. किती दिवस उरले आहेत म्हणून सांगितलें?"

सूनबाई म्हणाल्या, "तसें कोणीच म्हटलेलें नाहीं, अण्णा. डॉक्टरांनाच अजून नक्की कळलेलें नाहीं."

अण्णांनीं चष्मा मागितला, रिपोर्ट वाचला, आणि म्हणाले, "म्हणजे चार दिवस मी उगाच मेलों."

घरच्यांना ठाऊक होता तो संशय होता. लपविल्यामुळें अण्णांपर्यंत पोंचला तो मृत्यु. वृद्ध माणसांपासून कागद लपवितां येतो, चेहरे लपवितां येत नाहींत. आणि रिकाम्या जागीं मन नेहमीं सर्वांत वाईट तेंच भरतें. शिवाय असत्य एकदां उघडकीस आलें कीं पुढें खरोखर चांगला रिपोर्ट आला तरी त्यावर विश्वास कोण ठेवणार?

त्यानंतर सारे मिळून डॉक्टरांकडे गेले. सुईची तपासणी लगेच करावी कीं थांबावें, हें डॉक्टरांनीं दोन्ही बाजूंनीं समजावून सांगितलें. अण्णांनीं थांबण्याचें ठरविलें. तो निर्णय त्यांचा होता. सहा आठवड्यांत त्यांनीं बँकेच्या कागदांवर वारसाचीं नांवें घातलीं, वाईस बहिणीकडे चार दिवस राहून आले, आणि नातवाचें बीजगणित पुरें करून घेतलें. पुढच्या स्कॅनांत गांठ तेवढीच होती, उजेड थोडा कमी होता. डॉक्टरांनीं आणखी तीन महिन्यांनीं बोलाविलें. म्हणजे संशय संपला नाहीं, पुढें सरकला. परंतु आतां तो घरांतील सर्वांचा आहे, एकट्याचा नाहीं.

आईवडिलांना सर्व सांगावेंच असा मात्र आमचा आग्रह नाहीं. "मला आंकडे नकोत, तुम्ही पाहून घ्या," असें म्हणणारी आईहि असते, आणि तसें म्हणण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. मात्र तिनें तें स्वतः म्हटलेलें असावें. मुलांनीं तिच्या वतीनें ठरविलेलें नसावें. यासाठीं स्कॅनाच्या आधींच, मन शांत असतां, सरळ विचारावें: रिपोर्ट आला तर प्रथम कोणी उघडावा? तुम्हांला किती सांगावें? हल्लीं डॉक्टरांच्या भेटीपूर्वींच कागद मोबाइलवर येतो, म्हणून हा प्रश्न आधींच सुटलेला बरा.

व्यवहाराच्या आणखी कांहीं गोष्टी. जुने रिपोर्ट व चित्रें तारीखवार एका पिशवींत ठेवावीं आणि दर वेळीं बरोबर न्यावीं. नवें चित्र जुन्याशेजारीं ठेवल्यावांचून त्याचा अर्थ लागत नाहीं. पेट स्कॅनापूर्वीं मधुमेह, नुकताच झालेला खोकला-ताप, दाढेची सूज, अलीकडे घेतलेली लस, हें सर्व सांगावें. उपाशी राहण्याविषयींची व साखरेच्या औषधांविषयींची सूचना तंतोतंत पाळावी.

डॉक्टरांपुढें बसल्यावर "बरें आहे ना?" असें विचारलें तर "पाहूं या" एवढेंच उत्तर मिळतें. त्याऐवजीं पांच प्रश्न लिहून न्यावे. नेमकें काय अस्पष्ट आहे? तें कशानें स्पष्ट होईल? केव्हां? तोंवर थांबल्यानें कांहीं नुकसान आहे काय? आणि कोणतें लक्षण दिसल्यास तारखेची वाट न पाहतां यावें? शेवटच्या प्रश्नाचें उत्तर भिंतीवर लावून ठेवावें. ताप, धाप, रक्तस्राव, वाढती वेदना, पायांतील शक्ति एकाएकीं जाणें किंवा लघवी अडणें, यांपैकीं कांहीं झाल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांना कळवावें.

नातेवाइकांच्या फोनांना घरांतील एकानेंच उत्तर द्यावें. परदेशांतील मुलानें मध्यरात्रीं संगणकावर वाचलेलें सारें पहांटे आईला ऐकवूं नये. आणि रोग्याच्या जोडीदाराकडे लक्ष असावें. सर्व जण अण्णांची विचारपूस करतात, तेव्हां स्वयंपाकघरांत उभ्या असलेल्या आईंना कोणी विचारीत नाहीं.

या काळजीला अमेरिकन लेखक ब्रूस फायलर यांनीं २०११ सालीं इंग्रजींत 'स्कॅन्झायटी' असें म्हटलें; ते स्वतः या रोगांतून गेलेले होते. मराठींत तिला नांव नाहीं, आणि नांव नसलेली काळजी बोलून दाखविणें कठीण जातें. "कांहीं होत नाहीं हो तुम्हांला" या वाक्यानें ती हलकी होत नाहीं. तें ऐकणाराला फक्त गप्प बसवितें. त्यापेक्षां "आम्हांलाहि धाकधूक वाटते, पण तारखेला आम्ही बरोबर येणार आहों," हें वाक्य खरें आहे, आणि तें पाळतांहि येतें.

उपचारानंतरचे स्कॅन एकदां होऊन संपत नाहींत. कित्येक वर्षें ते ठराविक अंतरानें येत राहतात. ज्या घरांत आईवडिलांची पुढची तारीख दिनदर्शिकेवर लिहिलेली असेल, त्या घरांतील मुलांनीं त्या तारखेची वाट पाहूं नये. आज संध्याकाळीं जेवणें झाल्यावर त्यांच्यापाशीं बसावें, आणि कागद आला तर तो कोणी उघडावा, एवढें त्यांनाच विचारावें.