मेट्रोचा विस्तार : प्रकल्पातील अनुभव संस्थेत मुरणार का?

नवी दिल्ली : देशातील मेट्रोच्या जाळ्याने जानेवारी 2025 मध्ये 1,000 किलोमीटरचा टप्पा ओलांडला. शहरोशहरी नवे मार्ग उभे राहत असताना त्यांच्या बांधकामातून मिळालेला अनुभव संस्थेत टिकतो की काम संपताच विखुरतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला आहे.

दिल्ली मेट्रो रेल महामंडळाची वाटचाल या दृष्टीने बोलकी आहे. 1995 मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाची धुरा 1997 मध्ये ई. श्रीधरन यांच्याकडे आली. रोहा ते ठोकूर हा कोकण रेल्वेचा 741 किलोमीटरचा मार्ग उभारताना घडलेली कार्यपद्धती त्यांच्यासोबत दिल्लीत आली. जागेवरील अभियंत्याला निर्णयाचा अधिकार आणि मुदतीचे उरलेले दिवस दाखवणारी घड्याळे ही तिची ठळक वैशिष्ट्ये होती.

गाड्या चालवण्याचे ज्ञान मात्र नव्याने मिळवावे लागले. त्यासाठी निवडक कर्मचाऱ्यांना हाँगकाँगला पाठवण्यात आले. परतल्यावर त्यांनी सहकाऱ्यांना शिकवले आणि शास्त्री पार्क येथे स्वतंत्र प्रशिक्षण संस्था आकाराला आली. या शिदोरीवरच महामंडळाच्या धोरणाची दिशा बदलली. केवळ दिल्लीपुरती असलेली ही संस्था पुढे जयपूर व कोची मेट्रोच्या उभारणीत उतरली, तसेच ढाका येथील प्रकल्पाच्या सल्लागारांमध्येही सहभागी झाली.

या प्रवासाला एक वेदनादायी बाजूही आहे. जुलै 2009 मध्ये जमरूदपूर येथे बांधकामाधीन पूल कोसळून कामगारांचा बळी गेला. संबंधित खांबाला तडे गेल्याचे त्यापूर्वीच आढळले होते. नैतिक जबाबदारी स्वीकारून श्रीधरन यांनी राजीनामा देऊ केला. तो स्वीकारला गेला नाही. दोष दिसणे म्हणजे शिकणे नव्हे. त्यामुळे वेळीच निर्णय बदलला तरच ते शिकणे ठरते, हा या दुर्घटनेचा कठोर धडा होय.

नव्या महामंडळांसाठी तो आज अधिक निकडीचा आहे. सल्लागार, प्रतिनियुक्तीवरील अधिकारी आणि कंत्राटी अभियंते यांच्यावर काम सोपवले, की मुदत संपताच त्यांचे ज्ञानही निघून जाते. म्हणूनच निविदेतच ज्ञान हस्तांतरणाची अट असावी, चुकांची नोंद दडवली जाऊ नये आणि पहिल्या टप्प्यातील काही अभियंते दुसऱ्या टप्प्यात कायम राहावेत. अन्यथा मार्ग वाढतील, परंतु प्रत्येक शहराला तेच धडे नव्याने गिरवावे लागतील आणि त्यांची किंमत सार्वजनिक निधीला व प्रसंगी कामगारांना मोजावी लागेल.