नव्या गाडीचं ॲव्हरेज कुठं गळतंय? दोष पेट्रोलचा किती, आपला किती

छत्रपती संभाजीनगर : 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला आणि दसरा-दिवाळीत सिल्लोड, कन्नड, वैजापूर, गंगापूरकडच्या अनेक घरांपुढे नवी गाडी उभी राहिली. त्यात चार मीटरच्या आत बसणाऱ्या छोट्या सेडानही आल्या. पेढे वाटून झाले, हार सुकले आणि महिन्या-दोन महिन्यांत पारावर एकच विषय सुरू झाला : "शोरूमवाला चोवीस-पंचवीस सांगत होता, गाडी तर सतरा-अठराच देती."

बहुतेक जण यावर एका शब्दात निकाल देतात : इथेनॉल. काही जण कंपनीला शिव्या घालतात. हिशेब मांडून पाहिला तर दोन्ही निकाल अर्धवट ठरतात. इथेनॉलचा वाटा आहे, पण तो सगळा नाही. उरलेला बराचसा वाटा गाडी चालवणाऱ्याच्या हातात आहे.

चोवीसचा आकडा आला कुठून?

कंपनी सांगते तो आकडा रस्त्यावरचा नसतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर उभी करतात आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे साधारण वीस मिनिटं चालवतात. एसी बंद असतो. वेग 90 च्या वर जात नाही. खड्डा नाही, घाट नाही, समोर उसाची ट्रॉली नाही. नव्या डिझायरच्या मॅन्युअल पेट्रोल गाडीचा 24.79 हा आकडा असाच चाचणीतला आहे. एकाच मापाने सगळ्या गाड्या मोजायच्या म्हणून ही पद्धत आहे. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला, पण त्यावर घरखर्चाचा हिशेब बसवू नये.

आधी मोजा, मग बोला

डॅशबोर्डवरचा आकडा हा गाडीचा अंदाज असतो आणि तो पुष्कळदा थोडा चढाच असतो. पाचशेचं पेट्रोल टाकून "किती पळाली" बघण्यातही अर्थ नाही. खरी पद्धत टाकी फुलची आहे. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत पेट्रोल भरा आणि किलोमीटर लिहून ठेवा. चारशे-पाचशे किलोमीटर झाले की त्याच पंपावर, त्याच पद्धतीने पुन्हा फुल करा. जेवढे किलोमीटर झाले, त्याला दुसऱ्या वेळी बसलेल्या लिटरने भागा. असं तीनदा केल्यावर जी सरासरी येते, ते तुमच्या गाडीचं ॲव्हरेज. नव्या इंजिनचे पहिले एक-दोन हजार किलोमीटर धरू नयेत, तेवढ्यात इंजिन मोकळं होत असतं.

मापाची शंका आली तर पंपावरच पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागता येतं. तो ग्राहकाचा हक्क आहे. पाच लिटरमागे 25 मिलिलिटरपेक्षा जास्त कमी भरलं तर वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करावी. फिल्टर पेपरची तपासणी आणि घनताही मागून बघता येते. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, म्हणून पावसाळ्यात पंपाच्या टाकीत पाणी शिरलं नाही ना, हे विचारण्यात लाजायचं कारण नाही.

पेट्रोलचा वाटा किती?

फेब्रुवारी 2023 मध्ये देशात ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सुरू झालं. 2025 पर्यंत ते जवळपास सगळ्याच पंपांवर आलं. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई20 मध्ये सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. आधीच्या 10 टक्केवाल्या पेट्रोलशी तुलना केली तर हा फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये या विषयावर देशभर गदारोळ झाला, तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितलं की, ई20 साठी जुळवलेल्या चारचाकीत घट एक ते दोन टक्के आणि इतर गाड्यांत तीन ते सहा टक्के होते. गाडी एप्रिल 2023 नंतरची असेल तर पेट्रोलच्या झाकणाजवळ किंवा गाडीच्या पुस्तकात ई20 लिहिलंय का, ते बघून घ्यावं.

आता सरळ विचार करा. चोवीसचे अठरा होणं म्हणजे 25 टक्के घट. इथेनॉलच्या खात्यावर जास्तीत जास्त सहा-सात टक्के टाकता येतात. बाकीचे अठरा टक्के गेले कुठं?

समृद्धीवर हवेशी कुस्ती

पहिलं उत्तर समृद्धी महामार्गावर सापडतं. सावंगी, माळीवाडा, जांबरगाव इथून चढलं की रस्ता मोकळा आणि मर्यादा 120 ची. पण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 80 वर जेवढा असतो, त्याच्या सव्वादोन पट तो 120 वर होतो. छोट्या सेडानचं इंजिन 80 ते 90 च्या वेगात कमी पेट्रोल पितं. शंभराच्या पुढे आकडा भराभर उतरतो. 90 किलोमीटरचं अंतर 120 ऐवजी 90 ने गेलं तर पंधरा मिनिटं जास्त लागतात. तेवढा वेळ हातात असेल तर टाकीत बचत होते आणि टायर फुटून होणाऱ्या अपघाताची भीतीही कमी होते.

दुसरं उत्तर टायरमधल्या हवेत आहे. गावातल्या टपरीवर "टाक पस्तीस" म्हणून अंदाजाने हवा मारतात, नाहीतर महिनोन्‌महिने बघतच नाहीत. किती हवा पाहिजे, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. गाडी थंड असताना पंधरा दिवसांतून एकदा हवा तपासावी. हवा कमी असेल तर दोन-तीन टक्के ॲव्हरेज तिथंच जातं, टायर झिजतो तो वेगळाच.

तिसरं, उभ्या गाडीचं इंजिन. जालना रोडच्या सिग्नलवर, मोंढ्याबाहेर किंवा लग्नाच्या मांडवासमोर एसी लावून गाडी चालू ठेवली तर तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल जळतं आणि गाडी एक फूटही पुढे सरकत नाही. एक मिनिटाच्या वर थांबायचं असेल तर इंजिन बंद करावं.

चौथं, छोट्या फेऱ्या. शेतवस्तीवरून गावात, गावातून फाट्यावर, पुन्हा घरी. दोन-तीन किलोमीटरमध्ये इंजिन नीट तापतच नाही आणि थंड इंजिन जास्त पेट्रोल खातं. तीन फेऱ्यांची कामं एका फेरीत बसवली तर फरक दिसतो.

पाचवं, डिक्कीतलं ओझं आणि फिल्टरमधली धूळ. युरियाची गोणी 45 किलोची. एवढं वजन कायम डिक्कीत फिरवलं तर छोट्या गाडीचं ॲव्हरेज टक्काभर उतरतं. कच्च्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या आधीच बघावा.

सहावं आणि सगळ्यात मोठं म्हणजे पाय. उसाच्या ट्रॉलीमागे करकचून ब्रेक, मग ओव्हरटेकसाठी पाय पार तळाला, पुढे गतिरोधकावर पुन्हा ब्रेक. प्रत्येक ब्रेकमध्ये आधी जाळलेलं पेट्रोल वाया जातं. लांबूनच पाय काढून घ्यावा, गिअर वेळेवर वरचा टाकावा, इंजिन ओरडू देऊ नये. पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्या किंवा महागडं पेट्रोल यावर पैसे घालण्यापेक्षा हे फुकटचं काम जास्त उपयोगी पडतं.

रुपयांत किती?

समजा, लासूर स्टेशनच्या एका शेतकऱ्याची गाडी वर्षाला 15 हजार किलोमीटर फिरते. ॲव्हरेज 18 असेल तर 833 लिटर पेट्रोल लागतं. वेग, हवा आणि पाय सांभाळून ते 20 वर नेलं तर 750 लिटर. पेट्रोल 105 रुपये धरलं तर वर्षाला साधारण 8,750 रुपये वाचतात. एवढी बचत शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातात आहे.

आता दुसरी बाजू. दहा टक्केवाल्या पेट्रोलऐवजी ई20 आल्यामुळे साडेतीन टक्के ऊर्जा कमी मिळाली, तर त्याच 833 लिटरवर सुमारे 29 लिटर, म्हणजे तीन हजार रुपये गेले. गाडी ई20 ला जुळवलेली असेल तर थोडे कमी. हे पैसे कितीही हळू चालवून परत येत नाहीत.

मका आपला, पेट्रोलही आपल्याच खिशातून

इथं आपल्या जिल्ह्याचा प्रश्न वेगळा होतो. सिल्लोड, कन्नड, फुलंब्री हा मक्याचा पट्टा. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंधनं आणली, त्यानंतर मक्याला इथेनॉलमध्ये मोठी जागा मिळाली. एका क्विंटल मक्यापासून साधारण 38 लिटर इथेनॉल निघतं. 2024-25 मध्ये मक्याच्या इथेनॉलचा दर लिटरला 71.86 रुपये होता. म्हणजे क्विंटलमागे सुमारे 2,730 रुपयांचं इथेनॉल. त्यातून कारखान्याचा खर्च जातो हे खरं, पण जनावरांच्या खाद्याला जाणारा चोथाही वेगळा विकला जातो.

शेतकऱ्याला काय मिळालं? 2025-26 चा मक्याचा हमीभाव 2,400 रुपये आहे. पण खरिपाच्या आवकेत, पावसाने भिजलेला मका बाजारात आला तेव्हा तो हमीभावाच्या खाली गेला.

वरच्याच शेतकऱ्याच्या 833 लिटरमध्ये 166 लिटर इथेनॉल आहे. ते सगळं मक्याचं धरलं तर चार क्विंटल 38 किलो मका झाला. तो हमीभावापेक्षा 500 रुपयांनी कमी विकला असेल तर दोन हजार 190 रुपये मोंढ्यात गेले आणि तीन हजार पंपावर. एकाच धोरणात एकाच माणसाचा खिसा दोनदा हलका झाला.

इथेनॉलने देशाचा फायदा होतो, हे नाकारता येत नाही. 2014-15 पासून एक लाख 40 हजार कोटींहून जास्त परकीय चलन वाचल्याचं सरकार सांगतं. मक्याला, उसाला नवं गिऱ्हाईक मिळालं. म्हणून "इथेनॉल बंद करा" ही मागणी या जिल्ह्याला परवडणारी नाही.

पण 2021 मध्ये नीती आयोगाच्याच आराखड्यात म्हटलं होतं की, ऊर्जा कमी असल्याने असं पेट्रोल ग्राहकाला स्वस्त मिळावं. ते झालं नाही. मंत्रालयाचं उत्तर असं की, तेव्हा इथेनॉल स्वस्त होतं, आता वाहतूक आणि जीएसटी धरून खरेदी सरासरी 71.32 रुपयांना पडते. शुद्ध पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. म्हणजे पर्याय नाही आणि सवलतही नाही.

त्यामुळे मागायचं असेल तर दोन गोष्टी मागाव्या लागतील. ग्राहकाला ऊर्जेच्या प्रमाणात पेट्रोलचा दर आणि इथेनॉलला जाणाऱ्या मक्याला निदान हमीभावाची खात्री. ग्रामसभेत, बाजार समितीत, आमदार-खासदारांपुढे हा विषय आकड्यांसह मांडता येतो. त्यासाठी आधी आपल्या गाडीची वही घालावी लागेल. टाकी फुल, किलोमीटर, लिटर आणि तारीख. ज्याच्याकडे सहा महिन्यांची अशी वही आहे, त्याला शोरूमवालाही उडवून लावू शकत नाही आणि पुढारीही.